साथीमुळे शाळा बंद, मूल बोर्डाच्या वर्षात: घरी नेमकं काय सांभाळायचं?

पालक_दहावी:
साथ सुरू झाल्यापासून शाळा कधी ऑनलाइन, कधी आठवड्यातून दोन दिवस, कधी पूर्ण बंद. बोर्डाच्या वर्षातल्या मुलांचं यात सगळ्यात अवघड होतं. परीक्षा होणार की रद्द होणार हे शेवटपर्यंत कळत नाही. तासाला मूल हजर दिसतं, पण समजलं किती ते कळत नाही. शिवाय अभ्यासक्रमातून वगळलेले धडे सोडून द्यायचे का, हाही प्रश्न आहेच. ज्यांनी शिकवलंय, पेपर तपासलेत त्यांनी सविस्तर सांगावं. 'अभ्यास करून घ्या' एवढ्याने भागत नाही. काय, किती वेळ आणि लक्ष कशावर ठेवायचं, ते हवं आहे.

गणिताचे सर:
परीक्षा होईल की नाही याचा अंदाज बांधत बसू नका. दोन्ही वेळी उपयोगी पडेल असं एकच काम आहे: घड्याळ लावून, कागदावर, हाताने पूर्ण पेपर लिहायचा आणि तपासून तारखेसह जपून ठेवायचा.

कोविडच्या साथीत, २०२१ मध्ये, परीक्षा रद्द झाल्या तेव्हा महाराष्ट्र राज्य शिक्षण मंडळाने दहावीच्या दर विषयाला नववीच्या निकालाचे ५०, दहावीतल्या वर्षभराच्या लेखी कामाचे ३० आणि तोंडी, प्रात्यक्षिक, अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण धरले. सीबीएसईने बारावीला दहावीचे ३०, अकरावीचे ३० आणि बारावीतल्या चाचण्या, सहामाही, पूर्वपरीक्षेचे ४० टक्के घेतले. म्हणजे 'साधी चाचणी तर आहे' म्हणून जी निष्काळजीपणे दिली, तीच निकालात उतरली. इंग्लंडमध्ये २०२० साली शिक्षकांनी ठरवलेल्या श्रेणींना सांख्यिकी सूत्र लावलं आणि ए-लेव्हलच्या (तिथली बारावीच्या तोडीची परीक्षा) सुमारे ३९ टक्के श्रेणी खाली आल्या. १७ ऑगस्टला ते मागे घ्यावं लागलं. त्यामुळे तपासलेल्या उत्तरपत्रिका शाळेला पाठवल्या तरी एक प्रत घरी ठेवाच. गुणांबद्दल शंका आली तर बोलायला हातात काहीतरी असतं.

आणि २०२२ मध्ये लेखी परीक्षा परत झाल्या, तेव्हा मुलांची लिहायची सवय मोडलेली होती. म्हणून मंडळाने ७० ते १०० गुणांच्या पेपरला ३० मिनिटं आणि ४० ते ६० गुणांच्या पेपरला १५ मिनिटं वाढवून दिली.

सवय लावताना एकदम तीन तासांवर बसवू नका. पहिल्या आठवड्यात सलग अर्धा तास, मग एक तास, दोन तास, असं पाच-सहा आठवड्यांत तीन तासांवर न्या. ८० गुणांना १८० मिनिटं असतील तर १५ मिनिटं तपासायला बाजूला काढा. मग एका गुणाला जेमतेम दोन मिनिटं उरतात, म्हणजे चार गुणांचं उत्तर आठ मिनिटांत संपलं पाहिजे. पेपर झाल्यावर पहिली दोन पानं आणि शेवटची दोन पानं शेजारी ठेवून बघा. दम कमी पडत असेल तर शेवटी अक्षर बिघडतं, प्रश्नक्रमांक सुटतात, आकृतीला नावं राहतात.

तपासायला विषय यायलाच हवा असं नाही. आदर्श उत्तरपत्रिकेशी पायरी-पायरी ताडा आणि गेलेल्या प्रत्येक गुणापुढे कारण लिहा: आलंच नाही, येत होतं पण चुकलं, किंवा वेळ पुरला नाही. 'आलंच नाही'साठी शिक्षकांकडे जा. 'वेळ पुरला नाही' हे मात्र फक्त लिहूनच सुटतं, आणखी व्हिडिओ बघून नाही.

पालक_दहावी:
धन्यवाद सर. चाचणीच्या उत्तरपत्रिकेचे फोटो पाठवले की 'दिसत नाही' म्हणून परत येतात. त्याचं काय करावं? आणि तासाला समजलं की नाही, ते कसं ओळखायचं?

विज्ञानाच्या बाई:
ताई, फोटो अंधुक येतो तो बहुतेक वेळा पेन्सिलमुळे, फिक्या निळ्या शाईमुळे नाहीतर हाताच्या सावलीमुळे. काळं किंवा गडद निळं पेन, कागद खिडकीजवळ सपाट, उजेड बाजूने, मोबाईल कागदाला समांतर. साध्या कॅमेऱ्याऐवजी स्कॅन करणारं ॲप वापरलं की कडा सरळ होतात. दर पानावर क्रमांक आणि विषय आधीच लिहायला सांगा, नाहीतर पानं उलटसुलट लागतात आणि तपासणाऱ्याला अर्धं उत्तर सापडत नाही. सगळी पानं एकाच पीडीएफमध्ये, आणि पाठवण्याआधी ती स्वतः उघडून बघायची. चाचणीच्या आदल्या दिवशी एक कोरं पान पाठवून रंगीत तालीम करा. फाइल जात नसेल तर तेव्हाच कळेल.

समजलं का हे ओळखायला तास संपल्यावर पाच मिनिटं पुस्तक बंद करून तीन ओळी लिहायला सांगा: आज काय शिकवलं, कोणतं सूत्र वा व्याख्या आली, कुठे अडलं. तिसरी ओळ सलग आठवडाभर 'कुठेच नाही' येत असेल तर मूल ऐकत नाहीये. हजेरीपेक्षा ही वही खरं सांगते.

प्रात्यक्षिकाचा व्हिडिओ नुसता बघून उपयोग नाही. आकडे येतील तिथे थांबवायचा, निरीक्षण तक्ता स्वतः भरायचा, आलेख काढायचा, मग पुढे जायचं. तोंडी परीक्षेत बहुतेक प्रश्न 'ही काळजी का घेतली' असेच असतात.

गणिताचे सर:
वगळलेल्या धड्यांचं राहिलं होतं. बोर्डाने वगळलं म्हणजे प्रवेश परीक्षेनेही वगळलं असं नसतं. २०२१ च्या जेईई मेनमध्ये (अभियांत्रिकीची प्रवेश परीक्षा) अभ्यासक्रम तसाच ठेवून ९० पैकी ७५ प्रश्न सोडवायची मुभा दिली होती. वैद्यकीयच्या 'नीट' प्रवेश परीक्षेत २०० पैकी १८०. पुढच्या इयत्तेचा पाया असलेले धडे, उदाहरणार्थ गणितातली त्रिकोणमिती, परीक्षा संपल्यावर सुट्टीत तरी कराच.

विज्ञानाच्या बाई:
अजून एक, आजारपण. मूल आजारी पडलं तर बुडलेलं भरून काढायला लगेच सहा-सात तास बसवू नका. विषाणूजन्य तापानंतर थकवा रेंगाळू शकतो. वीस-पंचवीस मिनिटांपासून सुरुवात करा आणि दुसऱ्या दिवशी त्रास वाढला नाही तरच वेळ वाढवा. थकवा कमी होत नसेल तर डॉक्टरांना दाखवा. चाचणी बुडत असेल तर शाळेला त्याच दिवशी लेखी कळवा, नुसत्या फोनवर भागवू नका. डॉक्टरांच्या दाखल्यावर आजार सुरू झाल्याची तारीख आणि विश्रांती कधीपर्यंत, हे दोन्ही लिहून घ्या. फेरचाचणी मागताना शाळा तेच बघते.