चिखल्या बऱ्या होऊन पुन्हा का होतात?

प्रश्न :
माझ्या डाव्या पायाची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट यांच्या बेचक्यात गेले दोन महिने चिखल्या आहेत. कातडी पांढरी पडून भिजल्यासारखी सुटते, खाली लाल भेग दिसते आणि संध्याकाळी बूट काढल्यावर खाज अनावर होते. क्लोट्रिमाझोल या बुरशीनाशकाचे मलम लावले की चार दिवसांत आराम पडतो, म्हणून मी ते थांबवतो. पंधरवड्यात पुन्हा तेच. मलम बदलावे का?

उत्तर १ :
खाज थांबली म्हणजे चिखल्यांना कारणीभूत असलेली बुरशी गेली असे नव्हे. ती कातडीच्या वरच्या थरातील केराटिन या प्रथिनावर जगते आणि लक्षणे ओसरल्यावरही तेथे तग धरून राहते. क्लोट्रिमाझोल दिवसातून दोनदा, सुमारे चार आठवडे लावावे लागते. कातडी पूर्ववत दिसू लागल्यावरही निदान दोन आठवडे ते सोडू नये. टर्बिनाफिन या दुसऱ्या बुरशीनाशकाच्या १ टक्का मलमाला बेचक्यातल्या चिखल्यांसाठी बहुधा एक आठवडा पुरतो. भेगेभोवतीच्या निरोगी दिसणाऱ्या कातडीवरही ते लावावे.

उत्तर २ :
वरील सल्ला योग्यच आहे. पण ओल्या बेचक्यात कोणतेही मलम फारसे काम करत नाही. पाय धुतल्यावर प्रत्येक बेचके वेगळ्या पंच्याने टिपून घ्या (चोळू नका, भेग वाढते). मोजे रोज बदला आणि ते ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुवा. आज घातलेले बूट उद्या वाळू द्या. नखे जाड, पिवळसर झाली असतील तर बुरशीचे मूळ तेथे असू शकते आणि तिथवर मलम पोहोचत नाही. व्हिनेगर, लसूण वगैरे भेगेवर लावू नये. आग होते, एवढेच. आणि मलमाच्या नळीवरची बारीक अक्षरे एकदा वाचा.

प्रश्नकर्ता :
वाचली. क्लोट्रिमाझोलखाली ‘बेटामेथासोन’ असेही लिहिले आहे.

उत्तर २ :
मग चार दिवसांतल्या आरामाचे कोडे सुटले. ते स्टिरॉइड आहे. ते लाली आणि खाज दाबते, पण बुरशीला आवर घालणारी त्वचेची प्रतिक्रियाही दाबते. ते बंद करून साधे बुरशीनाशक मलम घ्या. सुरुवातीला खाज वाढल्यासारखी वाटेल, तेव्हा जुन्या नळीकडे वळू नका. मात्र मधुमेह असल्यास, किंवा पाऊल सुजून लाली वर सरकू लागल्यास, घरगुती उपचारांत वेळ न घालवता डॉक्टरांना दाखवा; भेगेतून जिवाणू आत शिरलेले असू शकतात.