दात्याच्या सीटीतले आकडे: ‘बॉर्डरलाइन’ म्हणजे नेमकं काय अडतंय?

वाळवेकर
दाजींना सिऱ्होसिस (लिव्हर कडक होऊन निकामी होणं) आहे, पुण्यात प्रत्यारोपण ठरतंय. ताई लिव्हर देणार. तिचा सीटी मिरजेत झाला: एकूण १०२० मिली, उजवा लोब (मधली शिरा न घेता) ६६०, उरणारं ३६०. व्ही५ ७ मिमी, व्ही८ ६ मिमी (उजव्या लोबच्या ५ आणि ८ नंबरच्या भागांतून मधल्या शिरेत जाणाऱ्या शिरा). लिव्हर-प्लीहा फरक (सीटीतल्या घनतेतला, चरबीच्या अंदाजासाठी) +२. एमआरसीपीत (पित्तनलिकांचा एमआरआय) उजव्या पित्तनलिका दोन. दाजी ७४ किलो, पोटात पाणी आहे. डॉक्टर ‘बॉर्डरलाइन’ म्हणाले. का?

कृष्णाकाठ
आधी वजन बघा. सीटीत रक्तानं भरलेलं लिव्हर मोजतात, काढून धुतल्यावर साधारण दहा टक्के कमी भरतं. म्हणजे ६६० चे धरा ५९४ ग्रॅम. दाजींच्या ७४ किलोला ते ०.८० टक्के, अगदी काठावर. पण पोटातलं पाणी ८ लिटर असेल तर कोरडं वजन ६६, आणि तोच भाग ०.९० टक्के होतो. बहुतेक ठिकाणी ०.८ ची रेघ आहे. त्याखाली गेलं तर पोर्टल शिरेचा (आतड्याकडून लिव्हरला रक्त आणणारी) दाब उतरवायला प्लीहेची धमनी बांधणं वगैरे करावं लागतं. नाहीतर एवढ्याशा लिव्हरवर रक्ताचा लोंढा येतो, बिलिरुबिन (काविळीचा आकडा) चढत राहतं, पोटातलं पाणी थांबत नाही.

ताईकडे ३५ टक्के राहतंय. किमान ३० लागतं, चरबी असेल तर जास्त. म्हणून मधली शिरा तिच्याकडेच ठेवायची, तिच्याकडे उरणाऱ्या ४ नंबरच्या भागाचं रक्त त्याच शिरेतून बाहेर जातं.

फिल्म_रीडर
खरी ग्यानबाची मेख इथंच आहे. मधली शिरा ताईकडे राहिली की व्ही५, व्ही८ कापल्या जातात. ५ मिमीच्या वरच्या सहसा जोडतातच, म्हणजे इथं दोन्ही. बर्फात ठेवलेल्या लोबला रिंगवाली कृत्रिम नळी लावतात आणि ती पेशंटच्या महाशिरेला जोडतात. नळी लवकर बुजली तर तेवढा भाग रक्तानं तुंबतो. समजा त्या दोन शिरांकडे २४० मिली भागाचं रक्त जातं. मग कामाचं उरलं ४२०, म्हणजे ३७८ ग्रॅम, ६६ किलोला जेमतेम ०.५७. रिपोर्टात हा ‘तुंबणारा भाग’ वेगळा लिहिलेला नसेल तर मागून घ्या. नुसत्या ६६० वर कुणी निर्णय घेऊ नये.

+२ वरून चरबी ठरत नाही. +५ च्या वर असतं तर निर्धास्त. आता एमआरआयवर चरबीचं प्रमाण काढा, तरी शंका राहिली तर बायोप्सी. ताईचं वजन जास्त असेल तर काही आठवडे आहार-चालणं करून पुन्हा तपासतात, आणि फरक दिसतोही.

ओटी_कोपरा
दोन नलिका म्हणून दाता बाद होत नाही. ऑपरेशनमध्येच डाय टाकून फोटो काढतात, मग कापायची जागा ठरते. तोंडं शेजारी असली तर शिवून एक करतात, लांब असली तर दोन जोडण्या. गळती आणि पुढे नलिका आकसणं, हा त्रास तिथूनच येतो.

पुण्याला जाताना छापील फिल्म नेऊन उपयोग नाही, त्यावर मोजमाप होत नाही. सगळ्या फेजच्या (डाय दिल्यावर वेगवेगळ्या वेळी काढलेल्या) १ मिमी स्लाइसची सीडी घ्या. नवरा-बायको अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्यात जवळचे नातेवाईक धरलेत, पण लग्नाचा दाखला लागेल. नसेल तर आजच ग्रामपंचायतीत अर्ज टाका.

वाळवेकर
पाणी काढल्यावर वजन करून घेतो. तुंबणाऱ्या भागाचं उद्याच विचारतो.