बाबांनी पुन्हा गुंडाळलेला टेलिकास्टरचा पिकअप: ठेवू की बदलू?

रामबागकर, इंदूर

नमस्कार. बाबांची गिटार समोर ठेवून लिहिते आहे. फिकट पिवळसर फेंडर टेलिकास्टर. बाबांचं जेल रोडवर रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि गणपतीचे दहा दिवस ते ऑर्केस्ट्रात वाजवायचे. आधी त्यांच्याकडे पोकळ गिटार होती. मंडपात आवाज वाढवला की ती स्पीकरसमोर कोकलायला लागायची. म्हणून 1981 मध्ये मुंबईच्या एका वादकाकडून ही भरीव लाकडाची घेतली. आईच्या दोन बांगड्या त्यात गेल्या. आईने ते कधी बोलून दाखवलं नाही.

1986च्या पावसाळ्यात ब्रिजजवळच्या (ब्रिज म्हणजे गिटारच्या अंगावर तारा टेकतात तो भाग) पिकअपची, म्हणजे तारांचं कंपन पकडणाऱ्या चुंबकाभोवतीच्या वेटोळ्याची, तार आतून तुटली. बाबांनी जुनी तार उलगडून काढली आणि दुकानातल्या ट्रान्सफॉर्मर गुंडाळायच्या मशीनवर नवी गुंडाळली. वहीत त्यांच्या अक्षरात आहे: "46 नंबर, 7800 फेरे, मेणात बुडवला." वरून शिवणाचा पांढरा दोरा.

मागच्या आठवड्यात एका विक्रेत्याला दाखवली. तो म्हणाला, गिटार 1950च्या दशकातली आहे, पण पिकअप बिघडवून ठेवलाय. मूळ पिकअप आणून बसवा आणि रंगही नवा करून घ्या. "बिघडवून" हा शब्द मला फार लागला. खरंच नुकसान झालंय का? नेक, म्हणजे गिटारची मान, एकसंध मेपलचा आहे, त्याच्या मागे मधोमध काळपट लाकडाची पट्टी. चार स्क्रूंच्या धातूच्या पट्टीवर मोठा एफ. आत व्हॉल्यूमच्या पॉटवर, म्हणजे आवाज कमीजास्त करणाऱ्या बटणाखालच्या भागावर, 1377227.

सोल्डरगन, ठाणे

ताई, सगळ्यात आधी, रंगाला कुणालाही हात लावू देऊ नका.

आता आकडा. 137 म्हणजे सीटीएस ही पॉट बनवणारी कंपनी, 72 हे साल, 27 हा आठवडा. पॉट जुलै 1972चा, म्हणजे गिटार त्यानंतरचीच. मोठा एफही सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीने जानेवारी 1965 मध्ये फेंडर विकत घेतली त्यानंतरचा. विक्रेता बहुधा मागच्या पट्टीवर फसला. ती अक्रोडाची. नेक एकाच तुकड्याचा असला की आतली लोखंडी सळई मागूनच घालावी लागते, आणि ती खाच अक्रोडाने बुजवतात. 1959 पासून नेकवर शिसवी फळी चिकटवायला लागले, तेव्हा सळई पुढून घालता आली आणि पट्टी गेली. पुढे एकसंध नेक परत आला, पट्टीही आली.

बाबांच्या कामाबद्दल मला जास्त बोलायचंय. ही गिटार घडवणाऱ्या लिओ फेंडरचं कॅलिफोर्नियात फुलर्टनला 1938 पासून रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. तेव्हाच्या चांगल्या गिटारचा नेक सरसाने डकवलेला असे. तो खराब झाला की मोठ्या कारागिराकडे जाणं आलं. लिओने ॲशची सपाट फळी कापली, खाच पाडली आणि नेक चार स्क्रूंनी आवळला. व्हॉल्यूम, टोन आणि स्विच एका पत्र्यावर, मागचा पिकअप ब्रिजच्या पत्र्याला टांगलेला. दोनचार स्क्रू काढले की सगळं हातात येतं, अगदी रेडिओची चासिस बाहेर काढावी तसं. 1950 मध्ये दोन पिकअपच्या या गिटारचं नावही ब्रॉडकास्टर होतं! ग्रेट्श कंपनीचे त्याच नावाचे ड्रम होते, त्यांनी हरकत घेतली म्हणून 1951 मध्ये टेलिकास्टर झालं. गिब्सनची लेस पॉल 1952ची. महोगनीवर मेपलची कमानदार टोपी, नेक डकवलेला. तीही थोर गिटार, पण ती रेडिओच्या दुकानात दुरुस्त करता आली नसती. तुमच्या बाबांनी केलं ते काम या गिटारच्या रचनेतच बसतं.

आणि तार बघा. फेंडर अमेरिकन मापाची 42 गेज वापरायचे, जाडी 0.0635 मिलीमीटर. आपल्याकडची, म्हणजे ब्रिटिश मापाची, 46 नंबर 0.061 मिलीमीटर. 45 नंबर घेतली असती तर 0.071 झाली असती. त्यांनी सर्वांत जवळचं माप निवडलंय. चुंबकही मूळचेच राहिले. मल्टिमीटर लावून रोध सांगाल का?

जुनाबाजार, पुणे

मी अर्धाच सहमत. विकायची असेल तर फरक पडतो. घेणारा एकेक मूळ भाग मोजतो. पण दुसऱ्या गिटारमधून काढून आणलेला पिकअप तरी तुमच्या गिटारचा मूळ कुठे? विकलीत तर वहीचं ते पान सोबत द्या, काही लपवू नका. रंगाबद्दल सोल्डरगन बरोबर बोलतायत. 1970च्या दशकातला जाड पॉलिएस्टरचा थर जुन्या लॅकरइतका देखणा नसतो, तरी तो खरडला की किंमत पडणारच.

रामबागकर, इंदूर

विकायची नाही. ते आईने आज सकाळी स्पष्टच सांगितलं.

बाबांचाच मल्टिमीटर लावला: 6.8 किलोओहम. आणखी एक दिसलं. ब्रिजवर तारांखाली तीन लोखंडी दंडगोल आहेत, मधल्याचा स्क्रू वाकलाय आणि तो दंडगोल तिरका बसलाय. नवा स्क्रू घालू का?

सोल्डरगन, ठाणे

6.8 अगदी ठीक. तार किंचित बारीक, म्हणून रोध किंचित जास्त.

स्क्रू बदलू नका, तो मुद्दाम वाकवलेला असणार. एका दंडगोलावर दोन तारा, हीच या ब्रिजची जुनी अडचण. मधल्यावर तिसरी आणि चौथी. 1950 मध्ये तिसरी तारही गुंडाळलेली असे, तेव्हा भागायचं. आता तिसरी साधी असते आणि तिला चौथीपेक्षा थोडी जास्त लांबी लागते. तिसऱ्या तारेची बाजू मागे सरकलेली आहे ना? नव्या तारा चढवा, बाराव्या फ्रेटवर (नेकवरच्या बाराव्या धातूच्या पट्टीवर) दाबून सूर जुळतो का ते ट्यूनरवर बघा.

रामबागकर, इंदूर

हो, मागे सरकलेली आहे. आज 10चा (सर्वांत बारीक तार 0.010 इंचाची) तारांचा संच चढवला. तिसरी आणि चौथी, दोन्ही बाराव्यावर जुळतात. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, जरा आवाज वाढव.