मदत हवी आहे: लोकसेवा कॉलेजच्या सत्राची आखणी कशी करावी?

नमस्कार मंडळी,

विद्यापीठाच्या लोकसेवा कॉलेजमध्ये (इथे विद्यार्थी शिकता शिकता समाजासाठी काम करतात) १५ आठवड्यांच्या सत्राचे उपक्रम ठरवायचं काम यंदा माझ्याकडे आलं आहे. व्याख्यानं, चर्चासत्रं, मतदार नोंदणी हे सगळं जमेल. अडतंय ते वस्तीतल्या कामापाशी.

मागच्या सत्रात आम्ही लहान मुलांचा अभ्यास घ्यायला जात होतो. सुरुवातीचे तीन आठवडे प्रशिक्षणात गेले, शेवटचे तीन परीक्षेत. मुलं कुठे मोकळेपणाने बोलायला लागली, तोवर आमचं जाणं थांबलं. एकीने विचारलं, 'पुढच्या आठवड्यात येणार ना?' मला उत्तर देता आलं नाही. ते अजून मनातून जात नाही.

दुसरी अडचण चिंतनाची, म्हणजे केलेल्या कामावर मागे वळून विचार करण्याची. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ डेव्हिड कोल्ब यांनी १९८४ मध्ये अनुभवातून शिकण्याचं चक्र मांडलं: अनुभव, त्यावर चिंतन, त्यातून सूत्र, मग नवा प्रयोग. आम्ही चिंतनाची एकच बैठक ठेवली, तीही अगदी शेवटी. म्हणजे चुका कळल्या तेव्हा सुधारायला आठवडेच उरले नव्हते. या वेळी दर पंधरा दिवसांनी बसावं असं मला वाटतं, पण त्यासाठी सेवेचे तास कमी करावे लागतील.

ज्यांनी असं काम केलंय त्यांनी कृपया सांगा: एकाच संस्थेशी वर्षभराचं ठरवून विद्यार्थ्यांच्या तुकड्या बदलत ठेवल्या तर मुलांना ते जड जातं का? जुन्या तुकडीने नव्या तुकडीसोबत किती आठवडे जावं? आणि आखणीच्या बैठकीला पालकांना बोलवायचं, तर ते सत्राआधी किती दिवस?