दिवाणाखालची मांजर बाहेरच येईना, वर चावते. काय करू?

हळदवाली:
मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यांच्या थप्पीमागे एक मांजर सापडली, वर्षाची असेल अंदाजे, शेपटीला जखम होती म्हणून घरी आणली. आज तीन आठवडे झाले, दिवाणाखालून हलत नाही. रात्री आम्ही झोपलो की जेवण संपवते, ट्रेमधली माती वापरते, पण जवळ गेलं की कान चपटे करून फिसकारते. भाऊ म्हणतो टॉवेल टाकून रोज उचलायची म्हणजे सवय होईल, तर परवा तसं केलं आणि तिनं माझ्या अंगठ्यात दात रुतवले. आई म्हणते हरिपूरला नेऊन सोड. माणसाळेल का ही?

मिरजकर:
मांजराचं राहू दे, तुम्ही इंजेक्शन घेतलं का?? साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं जखम धुवायची असते आणि रेबीजची लस त्याच दिवशी सुरू करायची. परवा चावलंय ना, मग आजच जा, सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. मांजराचे दात सुईसारखे, वरून भोक एवढंसं दिसतं पण आत पिकतं. तिच्यावर पण १० दिवस लक्ष ठेवा.

जुनाबोका:
दोन दिवस उपाशी ठेवा, आपोआप हातातलं खाईल. आमच्या गावी असंच करायचे.

गावभागची काकू:
वर लिहिलंय ते अजिबात करू नका हो, दोन-तीन दिवस पोटात काही नाही गेलं तर मांजराच्या लिव्हरवर चरबी चढते, जीव जातो त्यात.

आणि ते टॉवेल प्रकरण आधी बंद. तुमचं तीन आठवड्यांचं काम भावानं एका दिवसात पुसलं बघा. पिल्लू साधारण दोन ते सात आठवड्यांचं असताना माणसाचा हात लागला नसेल तर त्याच्या लेखी आपण शिकारीच. रागीट नाही ती, घाबरलीय, पळायला वाट नाही म्हणून चावते.

२०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलेलं तेव्हा एक बोका आमच्या जिन्यात चढून बसला, तोही असाच. मी काय केलं, खोक्याला दोन भोकं पाडून आत माझी जुनी साडी टाकली, आणि रोज संध्याकाळी त्याच खोलीत जमिनीवर, त्याच्याकडे पाठ करून, मेथी निवडत बसायचे. टक लावून बघायचं नाही, नजर पडलीच तर डोळे सावकाश मिटून उघडायचे. उकडलेलं चिकन, मीठ-कांदा न घालता, आधी लांब टाकायचं, मग रोज वीतभर अलीकडे. दीड महिन्यानं त्यानं माझ्या बोटाला गाल घासला. मांडीवर मात्र आजतागायत आला नाही, हातभर अंतरावर बसतो. तेवढं त्याचं त्यानं ठरवलंय.

शेपटी डॉक्टरांना दाखवा, दुखत असेल तरी चावतात. आणि माणसाची पॅरासिटामॉल चुकूनही देऊ नका, विष आहे त्यांना.

हळदवाली:
पहिलं इंजेक्शन घेतलं काल. साबणानं धुतलं नव्हतं मी, हळद लावलेली 😅 खोका ठेवलाय. भावाला त्या खोलीत बंदी. आई मात्र शेंगा सोलायला तिथंच जाऊन बसते आता, विचारलं तर म्हणते पंखा चांगला लागतो.