एका गिटारला दोन माईक प्रीॲम्प कशाला?

शाहूपुरी_फ्रेट
घरच्या गिटारसाठी ऑडिओ इंटरफेस (गिटार-माईकचा आवाज यूएसबीनं लॅपटॉपमध्ये नेणारी पेटी) कोणता, असं कुठंही विचारा, उत्तर ठरलेलं: "दोन माईक इनपुटवालाच घ्या, पुढं उपयोगी पडतो." प्रत्येक माईक इनपुटमागं त्याचा बारीक सिग्नल वाढवणारा एक प्रीॲम्प असतो. माझं मत उलटं आहे. एकट्यानं सराव आणि रेकॉर्डिंग करणाऱ्याला एक माईक आणि एक गिटार एवढं पुरतं. फोकसराइट स्कार्लेट सोलो या इंटरफेसवर ही दोन्ही एकाच वेळी चालतात, त्यामुळे गात वाजवणाऱ्याचंही भागतं. उरलेले पैसे हेडफोनवर घाला.

बघायचं ते दोनच. पहिलं, इन्स्ट्रुमेंट इनपुट, इंपीडन्स (सिग्नलला होणारा विद्युत अडथळा) १ मेगाओमच्या आसपास. पॅसिव्ह (बॅटरी नसलेल्या) पिकअपची गिटार १० किलोओमच्या लाइन इनपुटला जोडली की वरचा चकाकता भाग मरतो आणि लोक पिकअपला शिव्या घालतात. दुसरं, विंडोजवर कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (आवाज कमी उशिरानं नेणारं सॉफ्टवेअर). एएसआयओ४ऑल म्हणजे विंडोजच्याच ड्रायव्हरला चढवलेला मुखवटा. चालतो, पण उशीर कमी करायला बफर (आवाज तात्पुरता साठवायची जागा) खाली आणला की चरचर सुरू. बेरिंगर यूएमसी२०२एचडीला स्वतःचा ड्रायव्हर आहे. मॅकवाल्यांना ही भानगड फारशी नाही.

पंचगंगा_काठ
इलेक्ट्रिकपुरतं मान्य. पण आपल्याकडं निम्म्याहून जास्त पोरांच्या हातात अकूस्टिक असते, तिचं काय? पिएझोचा (ब्रिजखालच्या पिकअपचा) आवाज थेट घेतला तर कागद फाडल्यासारखा येतो. नीट घ्यायचा तर दोन कंडेन्सर माईक लागतात: एक बाराव्या फ्रेटसमोर २० ते ३० सेंमीवर, दुसरा ब्रिजच्या मागच्या अंगाला. साउंडहोलसमोर नाही, तिथं खालचा सूर घुमतो. मग दोन्ही ट्रॅक मोनोत ऐकायचे. आवाज पातळ झाला तर फेज भांडतेय, म्हणजे दोन माईकच्या लहरी एकमेकींना खोडतायत; एक माईक थोडा सरकवायचा. सोलोवर माईक प्रीॲम्प एकच, तिथं हे जमतच नाही.

आणि सोलोवर लेव्हल कळते दिव्याच्या रंगावरून. मोटू एम२ च्या पडद्यावर मीटर दिसतो. शिकणाऱ्याला मी तोच सांगेन.

शाहूपुरी_फ्रेट
मीटर रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्येही असतो. ब्रिज पिकअपवर जितक्या जोरात वाजवणार तितकं वाजवा आणि शिखर उणे १२ ते उणे १० डेसिबलला थांबेल एवढा गेन (इनपुट वाढवायचं बटण) ठेवा. २४ बिटला त्याच्या वर ढकलायची गरज नाही. मीटरपेक्षा स्पेसिफिकेशनमध्ये इन्स्ट्रुमेंट इनपुटची कमाल लेव्हल वाचा. १२ डीबीयू म्हणजे साधारण ३ व्होल्ट आरएमएस, तगड्या हमबकरलाही (दोन कॉइलच्या पिकअपलाही) पुरतं. हा आकडा फार खाली असला तर गेन शून्यावर असतानाही क्लिप होतं (आवाज फाटतो), मग गिटारचा व्हॉल्यूम उतरवण्याशिवाय इलाज नाही.

नाद_खुळा_सहा_तारा
भावांनो, सरावाला इंटरफेस घेताच कशाला? लॅपटॉप उघडा, अपडेट थांबवा, ड्रायव्हर निवडा, प्लगइन लोड करा, तवर हात गार. यूएसबी ऑडिओवालं मल्टिइफेक्ट (सगळे इफेक्ट एकातच असलेलं पेडल) घ्या, बॉस जीटी-१ सारखं. हेडफोन लावला की सुरू. रेकॉर्ड करायचं तेव्हा तीच यूएसबी लॅपटॉपला. फक्त एक बघून घ्या: काही पेडलांची यूएसबी नुसती सेटिंगसाठी असती, ऑडिओ जात नाही.

शाहूपुरी_फ्रेट
नुसत्या सरावाला ठीक. रेकॉर्डिंगला नाही. इफेक्टसकट टेक घेतला की टोन त्यातच शिजला, मिक्समध्ये डिस्टॉर्शन जास्त वाटलं तर परत वाजवा. इंटरफेसवर कोरडा (इफेक्टविना) ट्रॅक राहतो, ॲम्प नंतर कितीदाही बदला. ॲम्पची नक्कल करणारं न्यूरल ॲम्प मॉडेलर तर फुकट आहे.

नाद_खुळा_सहा_तारा
आणि तो ॲम्प ऐकत वाजवताना उशीर होतो त्याचं? डायरेक्ट मॉनिटर (लॅपटॉपला वळसा घालून थेट हेडफोनमध्ये आवाज) लावला तर उशीर नाही, पण ऐकू येती कोरडी टिणटिण.

शाहूपुरी_फ्रेट
हिशोब करू. ४८ किलोहर्ट्‌झवर १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे २.७ मिलिसेकंद. जाता-येता ५.३, वर कन्व्हर्टर आणि ड्रायव्हरची राखीव जागा. चांगल्या ड्रायव्हरवर हे १० च्या आत बसतं. हवेत आवाज १ मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंमी जातो, म्हणजे ३ मीटरवरच्या ॲम्पचा आवाजही ९ नं उशिरा येतो. त्याबद्दल कुणी ओरडत नाही. २५६ ला मात्र बोटांना जाणवतं. १२८ वर चरचर आली तर आधी पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर, वाय-फाय बंद, यूएसबी हब काढून थेट पोर्ट. इंटरफेसला दोष त्यानंतर.

तीन_पिन
सगळे प्रीॲम्पवर भांडताय, पण घरच्या रेकॉर्डिंगचा खरा शत्रू घूं आवाज आहे, आणि तो महाग इंटरफेसनं जात नाही. आधी गिटार हातात घेऊन जागेवर गोल फिरा. आवाज कमी-जास्त झाला तर सिंगल कॉइल पिकअप हवेतलं चुंबकीय क्षेत्र पकडतंय: एलईडीचा ड्रायव्हर, पंख्याचा रेग्युलेटर, मॉनिटर. मग लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. थांबला तर दोष चार्जरच्या वाटेचा. तारांना हात लावल्यावर कमी होत असेल तर अर्थिंग तपासा. आपल्या कोल्हापुरात पेठांतल्या जुन्या घरांत तीन पिनचं सॉकेट दिसतं, पण आत तिसरी तार कुठंच गेलेली नसते. मल्टिमीटरवर फेज ते अर्थ २३० च्या जवळ आणि न्यूट्रल ते अर्थ २-३ व्होल्टच्या आत हवं. हे वायरमनकडून बघून घ्या. आवाज जावा म्हणून अर्थची पिन कापायचा सल्ला देणाऱ्याचं ऐकू नका, हातात लोखंडी तारा आहेत. उद्यमनगरच्या बाजूला लेथ आणि वेल्डिंग दिवसभर चालतं; तिथं बॅटरीवर रेकॉर्ड करणं सगळ्यात सोपं.

नाद_खुळा_सहा_तारा
बॅटरीचंच म्हणाल तर जीटी-१ चार पेन्सिल सेलवर चालतंय. लाईट गेली तरी सराव चालू.

पंचगंगा_काठ
यूएसबीवर चालणारा इंटरफेसही लॅपटॉपच्या बॅटरीवर चालतो, तो मुद्दा बरोबरीत सुटला. अर्थिंगचं पटलं. एकच भर: कंडेन्सर माईक लावणार असाल तर ४८ व्होल्ट फँटम (इंटरफेसकडून माईकला जाणारी वीज) सुरू करण्याआधी केबल जोडा आणि गेन खाली ठेवा, नाहीतर हेडफोनमध्ये थाप बसते. दोन माईकचं मत मी बदललेलं नाही.

शाहूपुरी_फ्रेट
मग अकूस्टिकवाल्यांनी स्कार्लेट सोलो घेऊ नये, एवढं मान्य. ड्रायव्हरचं मात्र सॉफ्टवेअरनं दाखवलेल्या आकड्यावर ठरवू नका. आउटपुटची केबल इनपुटला जोडा, एक क्लिक वाजवून रेकॉर्ड करा, मूळ आणि नव्या क्लिकमधलं अंतर सॅम्पलमध्ये मोजा, रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्‌झवर असेल तर ४८ नं भागा. ते खरे मिलिसेकंद. कुठला इंटरफेस, कुठला लॅपटॉप, किती बफर आणि हा आकडा इथं टाका, म्हणजे तुलना होईल.