औषधाविना (किंवा कमी औषधात) मधुमेह: आपले अनुभव लिहावेत

गेल्या रविवारी माळा आवरताना एका डब्यात वडिलांची काचेची परीक्षानळी, लाकडी चिमटा आणि स्पिरिटचा छोटा दिवा सापडला, आणि गिरगावातल्या चाळीतल्या सकाळी डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या. तेव्हा घरात ग्लुकोमीटर नव्हता. वडील नळीत पाच मिलिलिटर बेनेडिक्टचे निळे द्रावण घेत, त्यात लघवीचे आठ थेंब टाकत आणि द्रावणाला उकळी येईपर्यंत नळी दिव्यावर धरत. रंग निळाच राहिला तर दिवस सुखाचा जाई. हिरव्या-पिवळ्यावरून तो विटकरी झाला, की आई निमूटपणे त्यांच्या पानातला भात कमी करी. पथ्य, चौपाटीवरची फेरी आणि ही नळी एवढ्यावर त्यांनी कित्येक वर्षे काढली. मात्र रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेल्याखेरीज ती लघवीत उतरत नाही, हे आम्हाला फार उशिरा कळले, आणि तोवर त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याला इजा झालेली होती.

मागच्या वर्षी माझे स्वतःचे एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) ७.१ आले, तेव्हा डॉक्टरांनी गोळी लिहिण्याआधी मला तीन महिन्यांची मुदत दिली. रात्रीचे जेवण साडेसातला, अर्धे ताट भाजी आणि कोशिंबीर, भात एकच वाटी, जेवणानंतर वीस मिनिटे चालणे, एवढेच मी नेमाने केले. सहा किलो वजन उतरले आणि आकडा ६.२ वर आला. आपल्याला काय साधले आणि काय फसले, ते आकड्यांसह लिहावे, ही विनंती.

मुलुंडहून
दोन वेळा जेवण, तेही पंचावन्न मिनिटांच्या आत. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची ही पद्धत, आणि तिचे मूळ डॉ. श्रीकांत जिचकार यांच्याकडे आहे, हे आपणा सर्वांना माहीत आहेच. दुपारी एकला डबा, रात्री आठला जेवण, मध्ये पाणी, पातळ ताक किंवा बिनसाखरेचा कोरा चहा. पहिला आठवडा डोके दुखले, नंतर भुकेने त्रास दिला नाही. त्रास झाला तो ‘एवढासा घास घ्या हो’ म्हणणाऱ्या प्रेमळ माणसांचा. अकरा महिन्यांत नऊ किलो कमी झाले, ७.८ चे ६.१ झाले, आणि मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी डॉक्टरांनीच थांबवली.

लालबागहून
मुलुंडच्या दादांचे अभिनंदन. परंतु जे आधीपासून गोळ्या घेतात त्यांनी माझा अनुभव वाचावा. ग्लिमेपिराइडची गोळी सकाळी घेऊन मी आषाढी एकादशीचा निर्जळी उपवास केला होता आणि डॉक्टरांना विचारले नव्हते. दुपारी जिना चढताना हातपाय थरथरू लागले, घामाने साडी भिजली आणि शेजारच्या वहिनी काय बोलत आहेत तेही कळेना. त्यांनी प्रसंग ओळखून पाण्यात तीन चमचे साखर ढवळून पाजली. मुलाने मोजले तेव्हा आकडा ५२ होता. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग पोटात अन्न असो वा नसो. नुसत्या मेटफॉर्मिनने असे सहसा होत नाही, असे डॉक्टरांनी नंतर समजावले आणि उपवासाच्या दिवसासाठी गोळीचे वेगळे वेळापत्रक लिहून दिले. पुढच्या एकादशीला मी धास्तीने पोटभर साबुदाण्याची खिचडी खाल्ली, तर आकडा २६० वर गेला!

पार्ल्याहून
ताई, वाचतानाच जीव घाबरला. आता आपण उपवासाला काय खाता? वरीचे तांदूळ चालतात का?

लालबागहून
वरी अर्धी वाटी आणि तीही दाण्याच्या आमटीबरोबर घेते. जोडीला काकडीची कोशिंबीर आणि ताक. साबुदाणा मात्र मी सोडला, कारण तो जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे.

दादरहून
मी अडुसष्ट वर्षांचा असून शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती रोज फेऱ्या मारतो. एकदा मी दोन रात्री तेच जेवण घेऊन तपासले: जेवून दूरदर्शनसमोर बसलो तेव्हा दोन तासांनी १९२ होते, आणि अर्धा तास चाललो तेव्हा १४८. चालणारा स्नायू रक्तातली साखर ओढून घेतो आणि त्यासाठी त्याला इन्सुलिनची फारशी वाट पाहावी लागत नाही, हे मला त्या दोन आकड्यांनी पटवले. पावसाळ्यात मी इमारतीच्या व्हरांड्यात चालतो.

भांडुपहून
धागाकर्त्या ताईंना कळकळीची विनंती आहे की शीर्षकात ‘टाइप २’ हे शब्द घालावेत. माझ्या बारा वर्षांच्या मुलाला टाइप १ आहे. त्याचे शरीर इन्सुलिन जवळजवळ तयारच करत नाही, तरीही ‘इंजेक्शन बंद करा, कारल्याचा रस द्या, उपास करवा’ असे सांगणारे नातेवाईक आमच्याकडे येतात. इन्सुलिन थांबले तर अशा मुलाच्या रक्तात थोड्याच दिवसांत आम्ल साठते आणि जीव धोक्यात येतो. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत एका चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचले गेले. त्याआधी या मुलांना जवळजवळ उपाशी ठेवणे हाच उपचार होता, आणि त्याने मरण थोडे लांबत असे, टळत नसे. उपवासाची स्तुती वाचताना मला ती हाडकुळी मुले आठवतात.

धागाकर्ती
आपले म्हणणे अगदी योग्य आहे. शीर्षक बदलण्यास सांगितले आहे. मुलाला आशीर्वाद.

अंधेरीहून
माझी गोळी सुटली होती आणि पुन्हा लागली. ब्रिटनमधल्या ज्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले, तीत तीन ते पाच महिने रोज साधारण ८५० कॅलरींचा आहार दिला होता. वर्षाअखेर ४६ टक्के लोक औषधाविना मधुमेहाच्या रेषेखाली होते आणि दोन वर्षांनी ३६ टक्के. त्या सर्वांचा मधुमेह सहा वर्षांच्या आतला होता व कोणीही इन्सुलिनवर नव्हते, हे मी तेव्हा नीट वाचले नाही. माझा मधुमेह चौदा वर्षांचा होता. दहा किलो उतरवून ६.३ पर्यंत आलो, मग आईच्या आजारपणात चालणे सुटले, पाच किलो परतले आणि ७.६ झाले. लाजेने मी आठ महिने तपासणीच टाळली, आणि त्या आठ महिन्यांचे मला आजही वाईट वाटते.

पार्ल्याहून
दादा, आईंची प्रकृती आता कशी आहे?

अंधेरीहून
आता बरी आहे, आभारी आहे. संध्याकाळी आम्ही दोघे मिळून गल्लीच्या टोकापर्यंत चालतो.

धागाकर्ती
अंधेरीच्या दादा, आपले वाचून मी आजच डोळ्यांच्या पडद्याच्या तपासणीची वेळ घेतली, आकडा ६.२ आल्यापासून मीही ती पुढे ढकलत होते. एचबीए१सी गणपतीनंतर आहे, तो जसा येईल तसा इथे लिहीन.